जुना डिझेल ट्रॅक्टर : पंप उतरवण्याआधी काय तपासावे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून आलेला तुमचा प्रश्न मी नीट वाचला. थोडक्यात तो असा आहे. वडिलांनी घेतलेला तीन सिलिंडरचा, ३५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर पावसाळाभर मांगरात उभा होता. वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या) नांगरटीसाठी तो बाहेर काढला, तेव्हा सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) कधी नुसता ‘टक’ असा आवाज करतो, तर कधी कण्हत कण्हत फिरतो. नवी बॅटरी घालूनही फरक पडलेला नाही. उतारावरून सोडला की इंजिन लगेच सुरू होते, काही वेळ पांढरा धूर येतो, आणि शेतात लोड पडला की पंधरा-वीस मिनिटांत दम तुटून ते बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होते. एका मिस्त्रीने डिझेल दाबाने पुढे ढकलणारा मुख्य पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझल ओव्हरहॉल करायला सांगितले आहे, दुसऱ्याने रिंग-पिस्टन बदलायला सांगितले आहे, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा ट्रॅक्टर विकावा का, असे तुम्ही विचारता.

माझ्या मते इथे एक बिघाड नसून दोन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि ते एकत्र दिसत असल्यामुळे सगळा संशय इंजिनावर आणि पंपावर गेला आहे. सेल्फ न फिरणे हा विजेचा प्रश्न आहे. पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडणे हा बहुधा डिझेल पोहोचण्याचा प्रश्न आहे. यात ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ट्रॅक्टर समोर नसताना पंप निर्दोष आहे असे छातीठोकपणे सांगणे योग्य नाही. तुमच्या ट्रॅक्टरला इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या) आहे की रोटरी (एकाच फिरत्या भागातून सगळ्यांना डिझेल), चार्जिंगला जुना डायनॅमो आहे की अल्टरनेटर, आणि मधल्या वर्षांत कोणी वायरिंगला हात लावला आहे, यावर काही उत्तरे बदलतील. तिथे तिथे मी तसे सांगेन.

पंप आणि रिंगांवर मी लगेच विश्वास का ठेवत नाही, ते आधी सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पटीने दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल पेट घेते. त्यासाठी इंजिन मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांच्या वेगाने फिरावे लागते. त्याहून हळू फिरले तर दाबलेल्या हवेला रिंगांजवळून निसटायला आणि थंड भिंतींना उष्णता देऊन टाकायला वेळ मिळतो, डिझेल पेटत नाही आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. उतारावरून सोडल्यावर तुमचे इंजिन लगेच पेटते. याचा अर्थ पुरेसा वेग मिळाला की काँप्रेशनही (हवेचा दाबही) पुरते आणि पंपही डिझेल देतो. रिंगा खरोखर संपल्या असत्या तर क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धुराचे लोट आले असते, ऑईल भराभर कमी झाले असते आणि लोडवर निळसर धूर दिसला असता. यातले काहीही तुम्ही लिहिलेले नाही. शिवाय आपल्याकडची सकाळची थंडी ती केवढी! गोव्याच्या हवेत निरोगी डिझेल इंजिनाला सुरू होण्यासाठी हीटरचीही (सुरू करताना आतली हवा तापवणाऱ्या तारेचीही) फारशी गरज पडू नये. त्यामुळे ‘थंडीमुळे सुरू होत नाही’ हे कारण मी इथे सहसा मान्य करत नाही, आणि एअर फिल्टरमध्ये ईथरचा स्प्रे मारून सुरू करण्याची सवय तर मुळीच लावून घेऊ नये. हीटर असलेल्या इंजिनात त्या स्प्रेने स्फोट होऊन पिस्टन किंवा हेड फुटू शकते.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागेवर घ्या, गिअर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ओंडके लावा आणि लिफ्टला जोडलेले अवजार जमिनीवर टेकवा. सेल्फ फिरत नाही म्हणून चाकाशेजारी उभे राहून पान्याने किंवा पेचकसाने सेल्फचे टर्मिनल शॉर्ट करण्याची पद्धत गावोगावी दिसते. ती कृपा करून करू नका. तसे केल्यावर न्यूट्रलचा आणि क्लचचा सुरक्षा-स्विच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेटताक्षणी तो पुढे सरकतो, आणि आपण उभे असतो ते नेमके मागच्या चाकाच्या वाटेत. अशा अपघातांत माणसे दगावलेली आहेत.

आता विजेकडे येऊ. बॅटरी नवी असूनही सेल्फ फिरत नाही, तेव्हा मी सर्वप्रथम अर्थिंग बघतो. ट्रॅक्टरमध्ये बॅटरीच्या धन टोकाकडून जाड केबलने सेल्फला करंट जातो आणि तो परत येतो इंजिनच्या धातूमधून, चॅसीवरून आणि बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीमधून. येतानाची ही वाट कोणी पाहत नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात समुद्रावरून येणारी खारी हवा, आणि मांगरात ट्रॅक्टरशेजारीच खताच्या गोणी रचलेल्या. त्या पट्टीचा नट काढला की खाली रंगाचा, गंजाचा आणि हिरवट-पांढऱ्या भुकटीचा थर सापडतो. वरून पट्टी घट्ट दिसते, हाताने हलतही नाही, पण धातू धातूला लागलेला नसतो.

एवढ्याशा थराने काय होते, याचा हिशेब करून पाहा. या आकाराचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण ३०० अँपिअर करंट ओढतो असे धरा. जोडणीत केवळ ०.०१ ओहम अडथळा असला, तरी तिथे ३ व्होल्ट खर्च होतात. बारा व्होल्टमधून तीन तिथेच गेले, आणि बॅटरीचा दाबही लोडखाली खाली येतोच, तर सेल्फच्या वाट्याला उरते काय? म्हणूनच दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. दिव्याला पाच-सात अँपिअर पुरतात आणि तेवढ्या करंटला हा अडथळा जाणवतच नाही.

हे शोधायला साधा मल्टीमीटर पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर लावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपची दांडी ओढून धरा. आधी सेल्फ न फिरवता बॅटरीच्या दोन्ही टोकांवर माप घ्या. रात्रभर विसावलेली, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली आहे आणि १२ च्या खाली असेल तर पुढच्या तपासणीला अर्थ नाही, आधी चार्जिंग करून घ्या. मग दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा आणि तेवढ्या वेळात मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटावर, म्हणजे क्लँपवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटावर, आणि दुसरी इंजिनच्या खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर टेकवा. इथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. त्यानंतर एक पिन धन खुंटावर आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून पुन्हा फिरवायला सांगा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. सोलेनॉइडमधली (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचमधली) तांब्याची टिकली जळली असेल, तर ती त्याच्या दोन जाड बोल्टांमध्ये माप घेतल्यावर कळते. शेवटी सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खुंटांवर माप घ्या. तिथे ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर एक तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ स्वतःच जास्त करंट ओढतो आहे. दर वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नका आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्या, नाही तर सेल्फ तापून निराळेच दुखणे उभे राहील.

दोष अर्थिंगमध्ये निघाला तर उपाय स्वस्त आहे. आधी ऋण केबल सोडवा. जोडताना मात्र ती शेवटी जोडा, म्हणजे पाना चुकून चॅसीला लागला तरी ठिणगी उडत नाही. खुंट, क्लँप आणि चॅसीवरची जागा खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, ते पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ देऊ नका. मग धातू चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. मी जुन्या ट्रॅक्टरवर नेहमी एक गोष्ट आणखी करतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट सेल्फच्या बसवणीच्या बोल्टापर्यंत निदान ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी केबल टाकतो. जुनी पट्टी राहू द्यावी, ही केबल तिच्या जोडीला. सेल्फचा आवाज लगेच बदललेला जाणवतो.

मापे ठीक असूनही सेल्फ हळू फिरत असेल, तर तो उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावा. कार्बन (ब्रश) झिजलेले असतात किंवा बुश घासून आर्मेचर, म्हणजे सेल्फचा फिरणारा भाग, आतल्या पोलना टेकत असते. दोन्ही दुरुस्ती फार महागाच्या नाहीत. नवी बॅटरी किती क्षमतेची आहे, तेही एकदा बघा. या वर्गाच्या ट्रॅक्टरला साधारण ७५ ते ८८ अँपिअर-अवरची बॅटरी लागते. दुकानात सहज मिळाली म्हणून मोटारीची लहान बॅटरी बसवली असेल, तर ती नवी असून उपयोग नाही.

चार्जिंग तपासायला इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीवर माप घ्या. १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्यापेक्षा कमी असतील तर आधी फॅन बेल्ट पाहा, दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. अल्टरनेटर असेल तर चावी दिल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चार्जिंगचा लाल दिवा लागतो का ते नक्की बघा. अनेक अल्टरनेटरना जागे होण्यासाठीचा पहिला करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की चांगला अल्टरनेटरही चार्ज करत नाही, आणि लोक अल्टरनेटर बदलून मोकळे होतात. इंजिन चालू असताना अल्टरनेटरच्या ट्रॅक्टरची बॅटरी कधीही काढू नये, त्याचे डायोड जातात. मंद हेडलाइटचे कारण बहुतेक वेळा रंगवलेल्या बॉनेटमधून घेतलेले अर्थिंग असते, दिव्यापासून चॅसीपर्यंत वेगळी वायर टाकली की काम होते. पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या वायरिंगवर एकदा पूर्ण हात फिरवा, कारण उंदीर डॅशबोर्डच्या मागे घर करतात आणि वायरचे आवरण कुरतडतात.

आता डिझेलकडे वळू. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा धागा ‘थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होतो’ या वाक्यात आहे. या एका लक्षणाची दोन अगदी भिन्न कारणे असतात, आणि ती वेगळी काढल्याशिवाय पंपाला पाना लावू नये.

पहिले कारण म्हणजे टाकीला हवा न मिळणे. डिझेल जसजसे ओढले जाते तसतशी त्याच्या जागी हवा आत आली पाहिजे, आणि ती येते झाकणातल्या बारीक छिद्रातून. हे छिद्र धुळीने बुजते. डिचोली-साखळीकडची लाल धूळ तर डिझेलमध्ये कालवली की लापीसारखी घट्ट बसते. उभ्या ट्रॅक्टरवर कुंभारीण माशी अशा छिद्रांत चिखलाचे घरटे करते, हेही मी पाहिलेले आहे. छिद्र बुजले की टाकीत निर्वात तयार होतो, पंधरा-वीस मिनिटांनी डिझेल येणे थांबते, आणि उभे राहिल्यावर कुठून तरी हळूहळू हवा शिरून पुन्हा वाट मोकळी होते. दुसरे कारण म्हणजे खरोखरच झिजलेला पंप. रोटरी पंपाच्या आतले भाग झिजले की थंड असताना दाट डिझेल पुरेसा दाब धरते, पण तापल्यावर डिझेल पातळ होऊन फटींतून निसटते, आणि गार झाल्यावर पुन्हा काम चालते. या दोन्ही कारणांचे बाहेरून दिसणारे रूप सारखेच असते.

भेद असा करायचा. इंजिन बंद पडताक्षणी, अजिबात न थांबता, टाकीचे झाकण उघडा. ‘सूं’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाकडे देणाऱ्या छोट्या पंपाचा) हात दोन-चार वेळा मारल्यावर इंजिन सुरू झाले, तर कारण झाकणात होते. झाकण उघडूनही सुरू झाले नाही, तर इंजिन बंद असताना पंपावर ओला फडका गुंडाळून पाच-सात मिनिटे ठेवा आणि मग सुरू करा. तसे करून सुरू झाले आणि फडका न ठेवता तेवढाच वेळ थांबून मात्र होत नसेल, तर पंप झिजल्याचा संशय मी गंभीरपणे घेईन. तापलेल्या पंपावर, विशेषतः चालू इंजिनात, गार पाणी मात्र ओतू नका. आतले भाग अगदी बारीक फटीचे असतात आणि बाहेरचे कवच अचानक आकसले की पंप जाम होऊ शकतो.

या दोहोंच्या मध्ये अनेक लहान कारणे दडलेली असतात, आणि त्यांच्यासाठी माझी सर्वांत आवडती परीक्षा फार सोपी आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या, तो टाकीपेक्षा थोडा उंच, बॉनेटजवळ पक्का बांधा, आणि पारदर्शक नळीने ते डिझेल थेट फीड पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला जोडा. एअर (पाईपांत अडकलेली हवा) काढून ट्रॅक्टर लोडवर चालवा. तासभर न अडखळता चालला, तर तुमचा पंप, फिल्टर आणि नोझल यांना दोष देता येणार नाही, दोष टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत आहे. तेव्हा टाकीतला कॉक, त्यावरची जाळी, पाईप आणि सेडिमेंट बाऊल (गाळ साठण्याची वाटी) यांच्याकडे वळा. कॅनवरही बंद पडला, तर फीड पंप, फिल्टर आणि मग मुख्य पंप या क्रमाने पुढे जा.

पारदर्शक नळीचा दुसरा उपयोग असा की हवा शिरत असेल तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये डिझेल ओढले जात असते, त्यामुळे तिथल्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून ‘कुठेच गळत नाही’ हा पुरावा या भागाला लागू पडत नाही. बॅन्जो बोल्टाखालचे (पाईप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाखालचे) तांब्याचे वॉशर हे नेहमीचे ठिकाण. वारंवार आवळून ते कडक झालेले असतात. नवे मिळत नसतील तर जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तो पुन्हा मऊ होतो, आणि दोन्ही बाजू सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून बसवा.

पावसाळ्यात अर्धी रिकामी ठेवलेली टाकी ही आपल्या हवेतली मोठी चूक. दमट हवेतले पाणी टाकीच्या आतल्या पत्र्यावर जमते, खाली उतरते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. त्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळसर बुळबुळीत साका तयार होतो, जो जाळीवर चिकटला की डिझेल तोंड मिटल्यासारखे थांबते. तुमची टाकी एकदा पूर्ण उतरवून, तळाचा साका काढून, डिझेलनेच खळखळून धुवा. टाकीला भोक असेल तर तिला वेल्डिंग करण्याचा सल्ला मानू नका. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ स्फोट घडवते. रोटरी पंपाला आतले वंगण डिझेलचेच मिळते, म्हणून पाणी असलेले डिझेल त्याला फार लवकर मारते. इनलाइन पंपाच्या अनेक प्रकारांत खाली वेगळे ऑईल असते, आणि ते पाहायचे राहून जाते, तेही बघा.

फिल्टर बदलल्यावर किंवा पाईप सोडल्यावर एअर काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असा ठेवा. कॉक उघडा, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून फीड पंपाचा हात मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आले की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी नोझलच्या पाईपचे नट थोडे सैल करून सेल्फ फिरवा आणि डिझेल उसळू लागले की आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही आणू नका. त्याचा दाब हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून किती तरी जास्त असतो आणि डिझेल कातडीतून आत शिरते. बाहेर एवढीशी टोचणी दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते, उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

पांढऱ्या धुराबद्दल माझे मत असे की सेल्फ नीट फिरू लागला की तो बराच कमी होईल. सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटे थोडा धूर जुन्या इंजिनात मी चालवून घेतो. तो इंजिन तापल्यावरही राहिला तर मंद वेगावर एकेका नोझलच्या पाईपचा नट, हात आणि चेहरा दूर ठेवून, जरासा सैल करून पाहा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. तेवढेच नोझल काढून टेस्टरवर तपासून घ्या. परत बसवताना नोझलखाली जुना वॉशर अडकून राहिलेला नाही ना, हे आरशाने बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर राहते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. काळा धूर मात्र हवा कमी पडल्याचे लक्षण असते, तेव्हा आधी एअर फिल्टर उघडा. ऑईल-बाथ प्रकारात खालच्या वाटीतले ऑईल चिखल झालेले असते.

इंजिन ऑईलची पातळी वाढते आहे का, हे जरूर बघा. डिपस्टिकवर ऑईल वर चढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डायाफ्राम असलेल्या फीड पंपाचा पडदा फाटला आहे किंवा मुख्य पंपाचे सील गेले आहे. अशा स्थितीत ट्रॅक्टर चालवू नका. पातळ ऑईलने बेअरिंग जातात, आणि पातळी फार चढली तर इंजिन तेच मिश्रण ओढून बेफाम धावू शकते. तसे झालेच, तर स्टॉप ओढून ते थांबत नाही. एअर फिल्टरच्या तोंडावर लाकडी फळी दाबून हवा बंद करावी लागते, हात मुळीच लावायचा नाही. ऑईल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, तेव्हा हेड गॅस्केट आणि लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) रबरी रिंगा तपासण्याशिवाय पर्याय नाही.

चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हायड्रॉलिकचे आणि मागच्या अ‍ॅक्सलचे ऑईलही बघावे. चिखलाचे पाणी सीलमधून आत जाते, ऑईल दुधाळ होते, आणि मग लिफ्ट हळू उठते किंवा धक्के देते. खाजन शेतातले खारे पाणी असेल तर बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही. काही ट्रॅक्टरांत क्लच हाऊसिंगच्या तळाच्या छिद्राला चिखलणीपुरते बूच लावतात. काम संपल्यावर ते काढले नाही, तर आत झिरपलेले ऑईल क्लच प्लेटवर जाते. रेडिएटरच्या जाळीतला वाळलेला चिखल आतल्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने काढा. जोराच्या धारेने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

विकायचा की ठेवायचा, याचे उत्तर या तपासणीनंतरच देता येईल. क्रँक, ब्लॉक आणि गिअरबॉक्स शाबूत असतील, तर या वर्गाच्या तीन सिलिंडर इंजिनांचे सुटे भाग सहज मिळतात आणि लहान कुणग्यांच्या (वाफ्यांच्या) शेतीला असा हलका ट्रॅक्टर सोयीचा पडतो. मी तो ठेवीन. मात्र हेड, लायनर आणि पंप अशी तिन्ही कामे एकदम निघाली, तर खर्चाचा अंदाज लेखी घेऊन मग ठरवा. बंद पडलेल्या अवस्थेत विकायला काढाल तर भंगाराचा भाव मिळेल, म्हणून निदान अर्थिंग आणि टाकी आधी दुरुस्त करा.

आणि सगळे करूनही पंप उतरवावाच लागला, तर तो उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनच्या कव्हरवर एकाच रेषेत छिन्नीने बारीक खूण करून घ्या, म्हणजे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुन्हा तिथेच बसेल. उघड्या पाईपांची आणि पंपाची तोंडे स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्यांनी लगेच बंद करा, चिंध्या कोंबू नका. पंपाच्या दुकानात ‘ओव्हरहॉल करा’ असे न सांगता, आधी तो टेस्ट बेंचवर जसा आहे तसा लावून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जाते ते लिहून मागा, मग काम करायला सांगा, आणि काम झाल्यावर तीच मापे पुन्हा लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागून घ्या. झिजलेल्या भागावर ओरखडे असतील तर टाकीत अजून कचरा किंवा पाणी शिल्लक आहे, आणि ती साफ केल्याशिवाय नवा पंप बसवू नका.